मीटर टेकवण्याआधी आकडा लिहा

आयटीआयच्या वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, अँपियर, ओहम मोजायचा मीटर, शिकवायचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. नॉबचं चित्र काढायचं, रेंजची नावं पाठ करायची, मग प्रोब टेकवून जो आकडा दिसेल तो प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवायचा. असं शिकलेली मुलं रीडिंग घेतात, पण ते खरं आहे का हे त्यांना सांगता येत नाही. २३० च्या जागी ८७ दिसले तर ८७ लिहून मोकळी होतात. वर्ष-दोन वर्षांत हीच मुलं कुणाच्या तरी घरातला डीबी (एमसीबी बसवलेला वितरण बोर्ड) उघडून मीटरच्या भरवशावर वायरला हात लावणार असतात. त्यामुळे आकड्यावर शंका घ्यायला शिकवणं हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं.

त्यासाठी वहीतला तक्ता बदलायचा. चार रकाने करायचे: काय मोजायचं, अंदाज, रीडिंग, फरक कशामुळे. अंदाजाचा रकाना भरल्याशिवाय प्रोब हातात द्यायचा नाही. सुरुवातीला मुलं कंटाळतात, अंदाज म्हणून काहीही लिहितात. आठवडाभर हट्टानं लावून धरलं की आकडेमोड आपोआप सुरू होते.

पहिला अंदाज वर्गातच करून घ्यावा. १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब आणि १००० वॅटची इस्त्री, दोन्ही प्लगमधून काढलेल्या. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट हे सूत्र वापरून बल्बचा रोध येतो ५२९ ओहम आणि इस्त्रीचा ५३ ओहम. आता मोजा. इस्त्री ५० च्या आसपास दाखवते, अंदाज जुळतो. बल्ब मात्र ३५ ते ४५ ओहम दाखवतो. अर्धा वर्ग म्हणतो मीटर बिघडला, अर्धा म्हणतो बल्ब गेला. दोन्ही चूक. टंगस्टनची तार पेटल्यावर दोन-अडीच हजार अंशांवर जाते आणि तिचा रोध थंड असतानाच्या बारा-पंधरा पट होतो. इस्त्रीतल्या नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. चौथ्या रकान्यात लिहायला पहिलं खरं कारण इथे मिळतं, आणि बल्ब लावतानाच का उडतो याचंही उत्तर हाती येतं: चालू करताक्षणी त्यातून नेहमीच्या दसपट प्रवाह जातो. इस्त्री मोजताना थर्मोस्टॅटची चकती ‘बंद’वर नाही ना हे बघायला सांगा, नाहीतर मीटर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवेल आणि चांगली इस्त्री भंगारात जाईल.

आधी मीटर तपासा

मीटर कशालाही जोडण्याआधी तो स्वतः ठीक आहे का हे बघण्याचा स्वतंत्र पाठ असावा. लहान डिजिटल मीटरला तीन सॉकेट असतात: कॉम, व्होल्ट-ओहम-मिलिअँपियर आणि १० अँपियर. काळी लीड कायम कॉममध्ये. सगळा घोळ लाल लीडचा. प्रवाह मोजून झाल्यावर लाल लीड १० अँपियरच्या सॉकेटमध्येच राहिली, नॉब व्होल्टवर फिरवला आणि प्रोब भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातले, तर काय होतं? मीटरच्या त्या १० अँपियरच्या सॉकेटच्या आत ओहमच्या शंभराव्या भागाइतक्या रोधाची जाड तार असते. म्हणजे फेज आणि न्यूट्रल आपण तारेनं जोडले. नॉब कुठे आहे याला काही अर्थ उरत नाही. प्रोबची टोकं वितळतात, ठिणगी उडते, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजच नसतो. पुढच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलं असतं. ते मुलांना शोधून वाचायला लावा. शेजारीच एका वेळी किती सेकंद मोजायचं हेही असतं, बहुधा दहा. म्हणून नियम असा घालून द्यायचा: प्रवाहाचं रीडिंग संपलं की वहीत लिहिण्याआधी लाल लीड जागेवर परत.

यासाठी एक सराव फार उपयोगी पडतो. पाच मीटर मुद्दाम बिघडवून टेबलावर ठेवायचे. एकाची लाल लीड १० अँपियरमध्ये, दुसऱ्याची बॅटरी उतरलेली, तिसऱ्याच्या लीडमधली तार प्लगच्या मानेशी तुटलेली, चौथ्याचा मिलिअँपियरचा फ्यूज उडालेला, पाचवा ठीकठाक. प्रत्येकानं पाचही तपासून दोष लिहायचा, वीजपुरवठ्याला हात न लावता. लीड तपासताना बझर लावून प्रोब एकमेकांना टेकवायचे आणि वायर मानेपाशी वाकवून हलवायची; बीप तुटक आला की लीड बाद. फ्यूज तपासायला दुसरा मीटर लागतो: पहिला २०० मिलिअँपियरवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं त्याच्या दोन प्रोबमधला रोध मोजायचा. काही ओहम दिसले तर फ्यूज शाबूत, ओपन दिसलं तर गेला. अशा मीटरवर व्होल्टचं रीडिंग बिनचूक येत असतं, म्हणून हा दोष महिनोन् महिने लपून राहतो. प्रवाह शून्य दिसतो आणि मुलं सर्किटमध्ये चूक शोधत बसतात.

फ्यूज बदलायचा तो त्याच आकाराचा, त्याच अँपियरचा आणि त्याच व्होल्टचा. सिरॅमिक नळीत वाळू भरलेला फ्यूज होता तिथे काचेचा घातला तर मोठ्या शॉर्टमध्ये काच फुटते आणि आतली ठिणगी विझत नाही. तार गुंडाळून काम चालवणं वर्कशॉपमध्ये एकदाही खपवून घेऊ नये.

ओहम मोजताना दोन गोष्टी सुटतात. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर मीटर ०.२ ते ०.५ ओहम दाखवतो. तो लीडचा रोध आहे आणि लहान रीडिंगमधून तो वजा करायचा. आणि डाव्या कडेला नुसता १ दिसणं म्हणजे एक ओहम नाही, रेंज ओलांडली किंवा सर्किट ओपन आहे. पहिल्या महिन्यात अनेकांच्या वहीत ‘१ ओहम’ सापडतं.

बारा व्होल्टवर चुका करू द्या

२३० व्होल्टला चूक करून शिकायची सोय नाही, म्हणून चुका १२ व्होल्टवर करून घ्याव्यात. १२ व्होल्ट ५ अँपियरचा पुरवठा, गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब, होल्डर आणि एक फ्यूज इतकं पुरतं. एका बल्बचा प्रवाह किती येईल? २१ भागिले १२, म्हणजे १.७५ अँपियर. अंदाज लिहा, मीटर सिरीजमध्ये घाला, जुळवा.

आता मुद्दाम चूक. दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा. दोन्ही मंद पेटतील. १० अँपियरवरचा मीटर एका बल्बच्या दोन टोकांना समांतर लावा. तो बल्ब विझतो, दुसरा पूर्ण पेटतो आणि मीटर १.७५ च्या आसपास दाखवतो. अँमीटर म्हणजे सर्किटच्या दृष्टीनं साधी तार, हे डोळ्यांनी दिसतं. दुसरा बल्ब नसता तर हाच प्रवाह कुठवर गेला असता, हा प्रश्न तिथेच विचारावा. हा प्रयोग केलेल्यांना सॉकेटमध्ये अँमीटर का घालायचा नाही हे पुन्हा सांगावं लागत नाही.

उलटी चूकही करून घ्या. एकच बल्ब, आणि व्होल्टमीटर सिरीजमध्ये. बल्ब पेटत नाही, मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यापुढे बल्बचा रोध नगण्य, म्हणून सगळा दाब, म्हणजे व्होल्टेज, मीटरवरच पडतो. हाच प्रयोग पुढे तुटलेला न्यूट्रल शोधताना कामाला येतो.

सॉकेटवरची तीन रीडिंग

मेन्सवर पहिला पाठ तीन पिनच्या सॉकेटचा. समोरून बघताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तीन रीडिंग घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. चांगल्या सॉकेटवर पहिली दोन २३० च्या आसपास आणि जवळपास सारखी, तिसरं शून्य ते दोन-तीन व्होल्ट. प्रोब धरताना बोटं कठड्याच्या मागे, काळा प्रोब आधी लावायचा, लाल नंतर, काढताना उलट.

या तीन आकड्यांतून किती दोष ओळखता येतात ते मुलांना स्वतः मांडायला लावावं. फेज-न्यूट्रल शून्य, पण फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही २३०: न्यूट्रल तुटलाय आणि पुढे कुठलं तरी उपकरण चालू आहे, त्यातून फेज न्यूट्रलच्या भोकापर्यंत पोचलाय. पंखा फिरत नाही म्हणून वीज नाही असं समजून न्यूट्रलला हात लावणारे इथेच फसतात. उजव्या भोकात अर्थशी शून्य आणि डाव्यात २३०: फेज-न्यूट्रल उलटे. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही ११५ च्या जवळपास: अर्थ तुटलेला आणि त्या लाइनवर संगणकासारखं फिल्टर असलेलं उपकरण लावलेलं आहे. फिल्टरमधले दोन कपॅसिटर दाब अर्धा-अर्धा वाटून घेतात. अशा कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ती तक्रार याच दोषाची असते.

न्यूट्रल-अर्थ रीडिंगवर थोडा जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, कारण पाठ्यक्रमात ते घाईघाईत उरकलं जातं. समजा डीबीपासून २० मीटरवर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. तिचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, म्हणजे २० मीटरला ०.२४ ओहम. २००० वॅटचा हीटर लावला तर ८.७ अँपियर, आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २.१ व्होल्ट पडतात. फेजच्या वायरमध्येही तेवढेच. म्हणून हीटर चालू केल्यावर न्यूट्रल-अर्थ २.१ आणि फेज-न्यूट्रल सव्वाचार व्होल्टनं कमी यायला हवं. अंदाज लिहून हीटर लावा. न्यूट्रल-अर्थ १२-१५ व्होल्टवर गेलं तर वाटेत कुठला तरी जोड सैल आहे. आणि पूर्ण लोडवरही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्यच राहिलं तर खूश होऊ नये. कुणीतरी सॉकेटमागेच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेले असू शकतात. तिथे न्यूट्रल तुटला की उपकरणाच्या पत्र्यावर फेज येतो.

आता त्या ८७ व्होल्टकडे. बंद केलेल्या, कुठेच न जोडलेल्या वायरवर डिजिटल मीटर ५०, ८७, ११० असं काहीही दाखवतो. शेजारच्या चालू वायरीशी तिचा छोटासा कपॅसिटर तयार होतो आणि १० मेगाओहमच्या मीटरला तेवढा नाममात्र प्रवाह पुरतो. जिन्याच्या टू-वे स्विचच्या दोन वायरींपैकी बंद असलेलीवर हे हमखास दिसतं. वर्गात दाखवायला दहा-पंधरा मीटर तीन कोअरची केबल घ्या, एका कोअरला फेज द्या, दुसरी मोकळी सोडा आणि तिसरी न्यूट्रलला जोडा. मोकळ्या कोअरवर मीटर लावला की आकडा येतो. मीटर तसाच ठेवून त्याच दोन टोकांना १५ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. आकडा कोसळून शून्याजवळ जातो. खरा फेज असता तर लॅम्प पेटला असता. लो-झेडची सोय असलेल्या मीटरमध्ये हेच काम आतला कमी रोध करतो. मात्र टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला तर १५ वॅटचासुद्धा ६५ मिलिअँपियर घेतो आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. तेव्हा लॅम्प न्यूट्रलशी लावायचा.

भ्रामक व्होल्टेजमुळे काम अडतं, जीव जात नाही. जीव जातो तो उलट्या चुकीनं: मीटर शून्य दाखवतो आणि लाइन चालू असते. लीड तुटलेली, बॅटरी उतरलेली, नॉब डीसीवर. म्हणून लाइन बंद आहे हे ठरवताना तीन पायऱ्या. आधी चालू असल्याचं माहीत असलेल्या ठिकाणी मीटर २३० दाखवतो हे बघायचं. मग ज्यावर काम करायचं तिथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघायचे. मग पुन्हा त्या चालू ठिकाणी जाऊन मीटर अजून २३० दाखवतो का हे बघायचं. तिसरी पायरी मुलं गाळतात, आणि मधल्या वेळेत लीड निसटली असेल तर ते फक्त तिसऱ्या पायरीत कळतं. तोंडी परीक्षेत मी याला सगळ्यात जास्त गुण द्यावेत असं म्हणेन.

बझर वाजला म्हणजे जोड चांगला, असं नाही

कंटिन्युइटीचा बझर मुलांचा लाडका असतो. पण बहुतेक मीटर ३० ते ७० ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतात. एक दोषफळा बनवा: प्लायवूडवर स्विच, सॉकेट, होल्डर, आणि मागच्या बाजूला फेजच्या वायरमध्ये २२ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लपवलेला. पुरवठा बंद करून बझर लावला तर वाजतो. चालू करून रिकाम्या होल्डरवर व्होल्ट मोजले तर पूर्ण २३०. दोन्ही चाचण्या सांगतात की सगळं ठीक. आता ६० वॅटचा तारेचा बल्ब लावून पुन्हा मोजा: पाच-साडेपाच व्होल्ट कमी. लोड लावल्याशिवाय खराब जोड दिसत नाही. या फळ्यावर ६० वॅटपेक्षा मोठा लोड लावू देऊ नका, रेझिस्टर जळेल.

मग हिशोब करायला सांगा: गीझरच्या सॉकेटमागे सैल स्क्रूमुळे फक्त एक ओहमचा जोड झाला असेल तर ८.७ अँपियरला तिथे किती उष्णता? ८.७ चा वर्ग गुणिले एक, म्हणजे सुमारे ७५ वॅट. सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता सॉकेटच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडलेली. सॉकेट काळे का पडतात आणि एमसीबी का पडत नाही, दोन्हीचं उत्तर त्यात आहे. प्रवाह वाढलेलाच नसतो, उलट किंचित घटलेला असतो.

टाँग टेस्टर

क्लॅम्प मीटरला आपल्याकडे टाँग टेस्टर म्हणतात. जबड्यात एकच वायर घ्यायची, हे सांगण्यापेक्षा दाखवावं. एक्स्टेंशन बोर्डच्या केबलचं बाहेरचं आवरण फूटभर काढून तिन्ही कोअर इन्सुलेशनसकट मोकळ्या करून ठेवा. अख्खी केबल जबड्यात: शून्य. एकटा फेज: ४.३ अँपियर, १००० वॅटच्या हीटरला. फेज आणि न्यूट्रल एकत्र घेतल्यावर शून्याऐवजी काही दिसलं तर तो गळतीचा प्रवाह आहे, आणि आरसीसीबी नेमकं तेच मोजतो. मात्र साध्या टाँग टेस्टरला मिलिअँपियर दिसत नाहीत, त्याला गळतीचा वेगळा क्लॅम्प लागतो.

लहान प्रवाहासाठी वायरचे जबड्यातून दहा वेढे घेऊन रीडिंगला दहानं भागायचं. ९ वॅटच्या एलईडी बल्बवर हे करून बघा. अंदाज येतो ३९ मिलिअँपियर. साध्या ड्रायव्हरच्या बल्बवर रीडिंग ६५ ते ८० येतं. पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट गुणिले अँपियर) ०.५-०.६ असल्यामुळे प्रवाह जास्त आहे, वॅट जास्त नाहीत. आता ट्रू आरएमएस नसलेला, म्हणजे वेड्यावाकड्या लहरीचं खरं मूल्य न मोजणारा, स्वस्त टाँग टेस्टर त्याच वायरवर लावा. तो बराच कमी दाखवतो, कारण तो सरासरी मोजून तिला १.११ नं गुणतो आणि हे गुणोत्तर फक्त शुद्ध साइन लहरीला लागू पडतं. एलईडी ड्रायव्हरचा प्रवाह टोकदार ठोक्यांत येतो. एकाच वायरवर दोन मीटर दोन आकडे दाखवतात आणि दोन्ही बिघडलेले नाहीत, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पटवून देण्यासारखं आहे.

जबडा पूर्ण मिटलाय का, टोकांवर कचरा नाही ना, वायर मध्यभागी आहे का, शेजारून मोठ्या प्रवाहाची वायर तर जात नाही ना, हे बघायची सवय लावा.

घरगुती वीजमीटर हेही वर्गातलं उत्तम उपकरण आहे. त्यावर युनिटला किती पल्स हे लिहिलेलं असतं, समजा ३२००. १००० वॅटच्या हीटरला मिनिटाला ५३ पल्स यायला हवेत. व्होल्टेज २२० असेल तर हीटर ९१५ वॅटच घेतो आणि पल्स ४९ होतात. टाँग टेस्टर, व्होल्टमीटर आणि घड्याळ लावून मोजलेले पल्स, तिघांचं उत्तर जुळलं पाहिजे. लोक वीजबिलाबद्दल विचारतील तेव्हा या मुलांकडे उत्तर असेल.

काट्याच्या मीटरबद्दल थोडक्यात. क्लास २.५ आणि ३०० व्होल्टची रेंज म्हणजे कुठेही साडेसात व्होल्टपर्यंत फरक मान्य. तोच फरक ६० व्होल्ट मोजताना साडेबारा टक्के होतो, म्हणून काटा शेवटच्या एक तृतीयांश भागात येईल अशी रेंज निवडायची. आरशाची पट्टी असेल तर काट्याची प्रतिमा काट्यामागे लपेल असं डोकं धरायचं. वॉटमीटरवर रीडिंगला गुणक लावायचा विसर पडतो: ३०० व्होल्ट, ५ अँपियर, पॉवर फॅक्टर १ आणि पूर्ण स्केल ७५० असेल तर गुणक २. तीन फेजचे वॅट मोजायच्या दोन वॉटमीटर पद्धतीत पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला की एक काटा उलटा जातो. ती जोडणीतली चूक नाही, त्याची कॉइल उलटवून रीडिंग वजा धरायचं.

मेगर

इन्सुलेशन तपासायला मल्टिमीटर का चालत नाही, हा पहिला प्रश्न. मल्टिमीटर ओहमला दोन-तीन व्होल्ट लावतो. उंदरानं कुरतडलेली किंवा ओल धरलेली वायर त्या दाबाला ठीक दिसते आणि २३० ला गळते. म्हणून २३० आणि ४१५ व्होल्टच्या वायरिंगला ५०० व्होल्ट डीसीचा मेगर, म्हणजे मोठा दाब लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर. हातानं फिरवायचा असेल तर मिनिटाला १६० फेरे, क्लच घसरल्यासारखा जाणवेपर्यंत. आधी लीड मोकळ्या ठेवून अनंत आणि एकमेकांना टेकवून शून्य येतं का ते बघायचं.

घराचं वायरिंग तपासताना मेन स्विच बंद, पुरवठा आला नाही याची तीन पायऱ्यांची खात्री, सगळे एमसीबी आणि स्विच चालू. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्यात आणि अर्थमध्ये चाचणी. मग फेज आणि न्यूट्रलमध्ये. दुसऱ्या चाचणीआधी प्रत्येक बल्ब, एलईडी फिटिंग, चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर, इन्व्हर्टर सगळं काढलेलं असलं पाहिजे. एक एलईडी बल्ब राहिला तरी रीडिंग खाली येतं, आणि ५०० व्होल्टनं ड्रायव्हर खराब होऊ शकतो. रीडिंग एक मिनिटानं घ्यायचं, कारण लांब केबल कपॅसिटरसारखी भरत जाते आणि आकडा सुरुवातीला कमी दिसून चढत जातो. वायरिंगच्या भारतीय मानकानुसार (आयएस ७३२) किमान १ मेगाओहम. नवीन कोरडं वायरिंग याच्या कितीतरी पट दाखवतं, म्हणून नव्या घरात १.२ आलं तर नियमात बसतं म्हणून पुढे जाऊ नये, एकेक सर्किट सोडवून खराब कुठलं ते शोधावं.

मोटरला जुना ठोकताळा: किलोव्होल्ट अधिक एक, म्हणजे ४१५ व्होल्टच्या मोटरला सुमारे दीड मेगाओहम. चाचणीनंतर वाइंडिंग अर्थशी जोडून डिस्चार्ज करायचं. हे विसरलं तर पुढचा माणूस शॉक खातो. रीडिंगशेजारी तारीख, हवामान आणि मोटर गरम होती की थंड हे लिहायला लावा. कोकणात जुलैमधलं आणि मार्चमधलं रीडिंग एका पट्टीनं मोजता येत नाही, आणि इन्सुलेशन दहा अंशांनी तापलं की रोध ढोबळमानानं निम्मा होतो.

अर्थ टेस्टर

अर्थिंगचा जमिनीशी रोध किती हे मोजायचं प्रात्यक्षिक वर्गात करता येत नाही, मैदानात न्यावंच लागतं. अर्थिंगचा इलेक्ट्रोड, त्यापासून ३० मीटरवर प्रवाहाची सळई, आणि मधे ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवर, दाबाची सळई, तिन्ही सरळ रेषेत. पुरवठा बंद करून इलेक्ट्रोड इमारतीच्या अर्थपासून सोडवायचा, नाहीतर आपण सगळ्या इमारतीचं आणि शेजाऱ्याच्याही अर्थिंगचं रीडिंग घेतो. चालू पुरवठ्यावर अर्थ सोडवायचा नाही.

एका रीडिंगवर थांबू नये. दाबाची सळई तीन मीटर मागे आणि तीन मीटर पुढे नेऊन पुन्हा मोजायचं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर रीडिंग खरं. चढते आले तर प्रवाहाची सळई फार जवळ आहे. ती ५० मीटरवर न्यायची. रीडिंग संशयास्पद कमी आलं तर जमिनीखाली लोखंडी पाइप त्याच दिशेनं जातोय का ते बघून काटकोनात पुन्हा मोजायचं. घाटमाथ्यावर आणि मराठवाड्यात अनेक ठिकाणी वीतभर मातीखाली कातळ लागतो, सळई शिरत नाही. तिथे सळई आडवी ठेवून तिच्यावर ओलं पोतं टाकून पाणी मारलं तर सहायक सळईचं काम भागतं. माप मेमध्ये घ्यायला मिळालं तर उत्तम; जमीन कोरडी असताना जो आकडा येतो तोच खरा कस. ऑगस्टमध्ये जवळपास सगळेच अर्थिंग पास होतात.

वीस जणांच्या तुकडीला दहा मीटर असतील तर दोघांत एक येतो, आणि एकानं मोजताना दुसऱ्यानं अंदाज तपासायचा अशी विभागणी बसते. खरेदी करताना त्यातले दोन मीटर तरी कॅट-३ (डीबीवरच्या कामासाठीचा सुरक्षा वर्ग), ६०० व्होल्टचे चांगले घ्यावेत. डीबीवरचं काम फक्त त्यांच्यावर, स्वस्त मीटर १२ व्होल्टच्या टेबलावर आणि सुट्या उपकरणांना. लीडचे चार जादा जोड, दोन्ही प्रकारच्या फ्यूजची डबी आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या कपाटात कायम असाव्यात, कारण एक लीड तुटली म्हणून मीटर पडून राहिला की मुलं शेजाऱ्याच्या वहीतून रीडिंग उतरवू लागतात. मे महिन्याच्या सुट्टीआधी बॅटऱ्या काढून ठेवा. गळलेली बॅटरी सर्किटचे पट्टे खाते आणि जूनमध्ये चार मीटर कमी भरतात.